वाचकांचे प्रश्न : चारशे अकरा जागांचे सरकार माघार का घेते?

ऑगस्ट 2025

प्रश्न : ब्रिटनमध्ये मजूर पक्षाला 650 पैकी 411 जागा मिळाल्या. एवढे प्रचंड बहुमत असलेले सरकार पहिल्याच वर्षात स्वतःचेच निर्णय मागे घेते, हे मला समजत नाही. आपल्याकडे असे बहुमत असते, तर सत्ताधारी बाकांवरून एकानेही तोंड उघडले नसते. ही दुर्बलता पंतप्रधान स्टार्मर यांची, की पद्धतीची? (एक निवृत्त शिक्षक, दांडिया बाजार, बडोदे)

उत्तर : दोन्हींची, परंतु आधी मते मोजावी लागतील. 4 जुलै 2024 च्या निवडणुकीत मजूर पक्षाला 33.7 टक्के, म्हणजे सुमारे 97 लाख मते पडली. 2019 मध्ये जेरेमी कॉर्बिन यांच्या नेतृत्वाखाली हाच पक्ष 202 जागांवर कोसळला होता, तेव्हाही त्याला एक कोटीहून अधिक मते होती. पराभवाच्या वेळेपेक्षा कमी मते घेऊन दुपटीहून अधिक जागा मिळाल्या, याचे कारण एवढेच, की हुजूर पक्षाचा मतदार नायजेल फराज यांच्या उजव्या रिफॉर्म यूके पक्षाकडे आणि घरी बसण्याकडे वळला. मतदान जेमतेम 60 टक्के झाले. आपल्याकडेही 2014 साली भाजपने 31 टक्के मतांवर 282 जागा जिंकल्या होत्या, त्यामुळे ही किमया आपणास नवी नाही. फरक असा, की तेव्हा आपल्याकडे एका नेत्याच्या बाजूने लाट होती. ब्रिटनमध्ये लाट होती ती केवळ हुजूर पक्षाच्या विरोधात, आणि विरोधाच्या लाटेवर आलेल्या सरकारला मतदार फारशी सवलत देत नाही.

त्यातच तिजोरी रिकामी. राष्ट्रीय कर्ज देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या जवळजवळ बरोबरीला पोचले आहे आणि त्यावरील व्याजापोटी वर्षाला शंभर अब्ज पौंडांहून अधिक रक्कम जाते. आरोग्यसेवेत नियोजित उपचारांची प्रतीक्षायादी सरकार आले तेव्हा सुमारे 76 लाखांची होती. अशा वेळी प्राप्तिकर, राष्ट्रीय विम्याची (म्हणजे सामाजिक सुरक्षेसाठी पगारावर घेतल्या जाणाऱ्या हप्त्याची) कामगारांकडून होणारी कपात आणि मूल्यवर्धित कर यांपैकी काहीही वाढवणार नाही, असे वचन मजूर पक्षाने जाहीरनाम्यात देऊन ठेवले होते. महसुलाचा मोठा भाग ज्या तीन करांतून येतो, त्यांनाच हात लावायचा नाही असे ठरवल्यावर उरते काय? अर्थमंत्री रॅचेल रीव्ह्ज यांनी 30 ऑक्टोबर 2024 च्या अर्थसंकल्पात मालकांकडून घेतला जाणारा राष्ट्रीय विम्याचा हप्ता 13.8 वरून 15 टक्क्यांवर नेला. त्यावर व्यापारी आणि हॉटेलवाले रुष्ट झाले, आणि भरतीवर परिणाम होईल ही त्यांची तक्रार निराधार म्हणता येणार नाही.

खरी चूक मात्र त्याआधीची, आणि रकमेच्या मानाने क्षुल्लक. जुलै 2024 च्या अखेरीस रीव्ह्ज यांनी वृद्धांना हिवाळ्यात घर उबदार ठेवण्यासाठी मिळणारे 200 ते 300 पौंडांचे अनुदान केवळ अतिगरीब निवृत्तांपुरते मर्यादित केले. सुमारे एक कोटी वृद्धांचे अनुदान एका फटक्यात गेले आणि बचत व्हायची होती दीड अब्ज पौंडांच्या आसपास. बाजारांना शिस्त दाखवायची, हा हेतू समजण्यासारखा होता. पण थंडीत आजीची शेगडी विझवणारे सरकार, ही प्रतिमा पुसण्यास कोणताही अर्थसंकल्प पुरा पडत नाही. जून 2025 मध्ये वार्षिक 35,000 पौंडांपर्यंत उत्पन्न असलेल्या वृद्धांना अनुदान पुन्हा सुरू करण्यात आले. पैसाही वाचला नाही आणि पतही गेली, असा हा व्यवहार ठरला.

दुसरी माघार अपंगांच्या भत्त्याची. तेथे आपल्या प्रश्नातील पद्धतीचा भाग येतो. भत्त्याचे निकष कडक करणाऱ्या विधेयकाविरुद्ध मजूर पक्षाच्याच 120 हून अधिक खासदारांनी सह्या केल्या. 1 जुलै 2025 रोजी मतदानाला अवघे काही तास उरले असताना सरकारने वादग्रस्त कलमे गुंडाळली, आणि तरीही 49 सत्ताधारी खासदारांनी विरोधात मत दिले. आपल्याकडे 1985 च्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या परिशिष्टानुसार पक्षादेश मोडणाऱ्याची खासदारकीच जाऊ शकते. ब्रिटनमध्ये असा कायदा नाही. तेथे पक्ष फार तर खासदाराला आपल्या संसदीय गटातून काढतो, जसे जुलै 2024 मध्ये सात जणांना काढले. जागा मात्र खासदाराचीच राहते. शिवाय अनेक नवे खासदार अगदी थोड्या मताधिक्याने निवडून आले आहेत, आणि ज्याला आपल्या मतदारसंघात पुढच्या वेळी पडण्याची भीती आहे तो पंतप्रधानांना कशाला भिईल? ही अवस्था मला दुर्बलतेपेक्षा संसदेच्या प्रकृतीचे लक्षण वाटते, अर्थात स्टार्मर यांना तसे वाटत असण्याची शक्यता कमीच.

प्रश्न : मग याचा लाभ विरोधकांना मिळेल काय? नायजेल फराज पंतप्रधान होतील, असे आमच्या वर्गात पैजेवर बोलले जाते. (राज्यशास्त्राची एक विद्यार्थिनी, महाराजा सयाजीराव विद्यापीठ)

उत्तर : पैज लावू नये, कारण निवडणूक ऑगस्ट 2029 पर्यंत केव्हाही होऊ शकते. फराज यांच्या रिफॉर्म यूकेला 2024 मध्ये 14.3 टक्के मते आणि फक्त पाच जागा मिळाल्या होत्या, तर त्यांच्यापेक्षा कमी, 12.2 टक्के मते घेणाऱ्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाला 72 जागा, कारण त्यांची मते दक्षिण इंग्लंडमधील निवडक मतदारसंघांत एकवटली होती. मे 2025 च्या स्थानिक निवडणुकांत मात्र रिफॉर्मने 10 परिषदांची सत्ता घेतली आणि रनकॉर्न व हेल्सबी येथील पोटनिवडणूक मजूर पक्षाकडून सहा मतांनी खेचून घेतली. (एवढ्या निसटत्या विजयाने बडोदेकरांना दादाभाई नौरोजी आठवावेत. बडोद्याचे दिवाणपद सोडल्यानंतर अनेक वर्षांनी, 1892 साली, ते लंडनमधील फिन्सबरी सेंट्रल येथून ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभागृहात गेले, तेही बोटांवर मोजता येतील इतक्या मतांनी.)

अडचण उजव्या बाजूचीही आहेच. हुजूर पक्षाची 23.7 आणि रिफॉर्मची 14.3 अशी मते एकत्र केली, तर ती मजूर पक्षापेक्षा अधिक भरतात. पण एकत्र येण्यासाठी एकाला दुसऱ्यापुढे नमते घ्यावे लागेल. नोव्हेंबर 2024 मध्ये रॉबर्ट जेनरिक यांना हरवून हुजूर पक्षाचे नेतृत्व मिळवणाऱ्या केमी बेडनॉक यांच्यापुढील पेच असा, की 2019 मध्ये 365 जागा असलेला त्यांचा पक्ष 121 वर आला आहे आणि स्थलांतरावर फराज यांच्याइतके कठोर बोलावे तर मतदार मूळ प्रतीकडेच जातो, मवाळ बोलावे तर लिबरल डेमोक्रॅट टपलेले आहेत. कर कमी करण्याचे आश्वासनही त्यांच्या तोंडी जड जाते, कारण त्यांच्याच पक्षाच्या तेव्हाच्या पंतप्रधान लिझ ट्रस यांचा सप्टेंबर 2022 चा, करकपातीने बाजार हादरवणारा छोटा अर्थसंकल्प कोणीही विसरलेले नाही. फराज यांना आता परिषदा चालवून दाखवायच्या आहेत; रस्त्यांवरील खड्डे आणि वृद्धांची देखभाल यांना घोषणा पुरत नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा एम.एस्सी.साठी लेस्टरला जाणार आहे. व्यापार करार झाल्यामुळे व्हिसा सोपा होईल, असे एका एजंटाने सांगितले. सरकार बदलल्याने आम्हाला काही फरक पडतो का? (एक गृहिणी, कारेलीबाग, बडोदे)

उत्तर : एजंटाचे म्हणणे आपण बाजूला ठेवावे. 24 जुलै 2025 रोजी स्वाक्षऱ्या झालेल्या भारत-ब्रिटन करारात मुख्यतः जकात आणि सेवाव्यापार आहे. सोबतच्या सामाजिक सुरक्षा करारातील, ब्रिटनमधील विमा हप्त्यातून तीन वर्षांची सूट भारतीय कंपन्यांनी तात्पुरते पाठवलेल्या कर्मचाऱ्यांसाठी आहे, आणि त्यावरही बेडनॉक यांनी टीका केली होती. विद्यार्थ्यांसाठी त्यात वेगळी वाट नाही.

सरकार बदलले तरी या बाबतीत दिशा बदललेली नाही. संशोधनाचा नसलेल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला कुटुंब सोबत नेण्यास आधीच्या, हुजूर पक्षाच्या सुनक सरकारने जानेवारी 2024 पासून मनाई केली, ती मजूर सरकारने तशीच ठेवली. मे 2025 च्या स्थलांतरविषयक श्वेतपत्रिकेत शिक्षणानंतर नोकरीसाठी मिळणारी दोन वर्षांची मुदत दीड वर्षावर आणण्याचा प्रस्ताव होता. कुशल कामगाराच्या व्हिसासाठी सर्वसाधारण वेतनमर्यादा 22 जुलै 2025 पासून 41,700 पौंड झाली. नुकतीच पदवी घेतलेल्यांना ती 33,400 पौंडांची आहे, आणि आपल्या मुलाला पुढे लागू होण्याची शक्यता असलेला आकडा हाच. कायम वास्तव्यासाठी पाचऐवजी दहा वर्षे लावण्याचाही प्रस्ताव त्या श्वेतपत्रिकेत होता.

लेस्टरमध्ये गुजराती वस्ती मोठी असून तेथील पूर्व मतदारसंघातून 2024 मध्ये गुजराती वंशाच्या शिवानी राजा हुजूर पक्षातर्फे निवडून आल्या, तेव्हा आपल्या मुलाला तेथे परके वाटणार नाही. कर्ज काढताना मात्र परतफेडीचा हिशेब इथल्या पगारावर मांडावा. तिथली नोकरी मिळाल्यास हप्ते लवकर फिटतील.