टोनी ग्रेगरी : एका मताचे वजन

प्रश्न : आयर्लंडमध्ये अपक्ष खासदार वर्षानुवर्षे निवडून येतात आणि प्रसंगी सरकारचे भवितव्यही ठरवतात, असे वाचनात आले. हे कसे शक्य होते? अशा एखाद्या खासदाराच्या कारकिर्दीविषयी लिहावे.

उत्तर : याचे मूळ तेथील मतदान पद्धतीत आहे. डॉइल या आयरिश कनिष्ठ सभागृहासाठी प्रत्येक मतदारसंघातून तीन ते पाच सदस्य निवडले जातात आणि मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतो. चार जागांच्या मतदारसंघात एक पंचमांशाहून थोडी अधिक मते मिळाली की विजय निश्चित होतो आणि ही मते दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीतूनही जमू शकतात. त्यामुळे एखाद्या वस्तीचा भक्कम विश्वास मिळवलेला माणूस पक्षाशिवायही टिकतो.

अशा सदस्यांपैकी टोनी ग्रेगरी यांची कारकीर्द मला सर्वांत अभ्यासनीय वाटते. डब्लिनमध्ये १९४७ साली गोदी कामगाराच्या घरी जन्मलेले ग्रेगरी व्यवसायाने शिक्षक होते. मालवाहतूक कंटेनरमधून होऊ लागल्यावर गोदीतले काम आटले आणि शहराच्या उत्तर मध्यभागातील कामगार वस्त्यांत बेकारी पसरली. डाव्या पक्षांत काही काळ काढल्यानंतर ते १९७९ मध्ये महानगरपालिकेवर आणि फेब्रुवारी १९८२ मध्ये डब्लिन सेंट्रल मतदारसंघातून अपक्ष म्हणून डॉइलवर निवडून आले.

त्या निवडणुकीत कोणालाच बहुमत मिळाले नाही. फिएना फॉल पक्षाचे चार्ल्स हॉही आणि फिने गेलचे गॅरेट फिट्झजेरल्ड असे दोघेही या नवख्या सदस्याच्या भेटीला गेले. ग्रेगरी यांनी मंत्रिपदाऐवजी आपल्या भागासाठी लेखी आश्वासने मागितली : मतदारसंघात ४४० नवी घरे, उर्वरित डब्लिनमध्ये आणखी १,६००, बंदरालगतची २७ एकर जागा सरकारने ताब्यात घेणे, तसेच रोजगार आणि शाळांसाठी निधी. हॉही यांनी ती मान्य केली, कामगार संघटनेचे सरचिटणीस मिकी मलन साक्षीदार झाले, आणि ९ मार्च रोजी हॉही ८६ विरुद्ध ७९ मतांनी पंतप्रधान झाले. ग्रेगरी यांनी कराराचा तपशील सभागृहात जाहीर करून तो अधिकृत कामकाजात नोंदवला, हे मला त्यातील सर्वांत मोलाचे पाऊल वाटते, कारण त्यामुळे मत कशाच्या बदल्यात दिले हे कोणालाही तपासता आले. एका मतासाठी एकाच भागाला एवढे झुकते माप का, हा आक्षेप रास्तच होता. मात्र कोणत्याही पक्षाने ज्या वस्त्यांकडे पाहिले नव्हते, त्यांना दुसरा मार्ग कोणता होता, हेही विचारले पाहिजे.

हॉही यांचे सरकार त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये पडले आणि करारातील बरेच काही अपुरे राहिले. ग्रेगरी यांचे नाव या एका कराराशीच जोडले जाते, याची मला खंत वाटते. रस्त्यावर माल विकणाऱ्या स्त्रियांच्या बाजूने उभे राहिल्यानंतर ग्रेगरी यांना शांतता राखण्याच्या हमीपत्रावर सही करण्यास सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि १९८६ मध्ये दोन आठवडे माउंटजॉय तुरुंगात काढले. हेरॉइनने वस्त्यांतील तरुण पिढी पोखरली जात असताना ते रहिवाशांसोबत उभे राहिले आणि अमली पदार्थांच्या व्यापाऱ्यांची संपत्ती जप्त करण्याची मागणी सतत मांडत राहिले. अमली पदार्थांच्या टोळ्यांवर लिहिणाऱ्या पत्रकार व्हेरॉनिका गेरिन यांच्या हत्येनंतर १९९६ मध्ये गुन्हेगारी मालमत्ता विभाग स्थापन झाला, तेव्हा ही मागणी देशाच्या कायद्यात उतरली.

याच मतदारसंघातून पुढे पंतप्रधान झालेले बर्टी अहर्न मोठ्या मताधिक्याने निवडून येत, तरीही ग्रेगरी सलग आठ सार्वत्रिक निवडणुका जिंकले. २ जानेवारी २००९ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्याच वर्षीच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या दीर्घकालीन सहकारी मॉरीन ओ'सलिव्हन अपक्ष म्हणूनच निवडून आल्या आणि २०२० पर्यंत त्या डॉइलच्या सदस्य होत्या.