बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन आहे, सकाळी जाऊन संध्याकाळी घरी सोडणार म्हणालेत, काय तयारी करू?

माझ्या आईचं मागच्या वर्षी परळला असंच झालं म्हणून सांगते. उपाशी राहायची वेळ डॉक्टरांकडून लिहूनच घ्या, साधारण जेवण ६ तास आधी बंद आणि साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं, पण दुधाचा चहा म्हणजे पाणी नाही हं, आईने पहाटे सवयीने अर्धा कप घेतला आणि ऑपरेशन दुपारवर गेलं, बिचारी तोपर्यंत ताटकळली. रक्त पातळ करायची किंवा शुगरची गोळी चालू असेल तर ती कधी थांबवायची ते आधीच विचारा, मनाने बंद करू नका. मेडिक्लेम असेल तर कॅशलेसचं आधीच बघून ठेवा, डे केअरमध्ये (म्हणजे त्याच दिवशी घरी सोडतात अशा ऑपरेशनमध्ये) बसतं का ते टीपीएला, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या एजन्सीला विचारा.

येताना लोकल नको, टॅक्सीच करा, आणि बाबांना निदान २४ तास स्कूटर वगैरे चालवू देऊ नका, भुलीचा अंमल राहतो. निघायच्या आधी लघवी झाली का बघा, हर्नियानंतर ती कधी कधी अडते. घरी खोकला आला की टाक्यांवर उशी दाबून धरायची, याने आईला खूपच बरं वाटायचं. पहिल्या रात्री मऊ भात, वरण, भरपूर पाणी, बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही कारण जोर लावला की टाक्यांवर ताण येतो. पाण्याची बादली तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत उचलायचीच नाही. ताप, रक्त, वाढती सूज किंवा लघवी बंद असं काही दिसलं तर सकाळची वाट न बघता लगेच फोन करा, नंबर आजच घेऊन ठेवा.