सांगलीचा टाऊन हॉल गेला कुठं?

प्रश्न : मुंबईला टाऊन हॉल आहे, शेजारच्या कोल्हापुरालापण आहे, मग आपल्या सांगलीलाच कसा नाही? की होता आणि पाडला? पोरीनं शाळेच्या प्रोजेक्टसाठी विचारलं आणि मला काही सांगताच येईना.
– एक वाचक, विश्रामबाग

उत्तर : पाडला-बिडला काही नाही हो! टाऊन हॉल, म्हणजे गावाच्या सभा-समारंभांचा हॉल, हे मुळात साहेबाचं खूळ. मुंबईच्या हॉलसाठी तर लॉटरी काढली होती, तेवढ्यानं भागेना म्हणून कंपनी सरकारनं पैसे घातले आणि शेवटी १८३३ ला कुठं तो पुरा झाला. कोल्हापूरचा १८७० नंतरचा, मेजर मांट नावाच्या इंजिनियरचा, आता त्यात म्युझियम आहे, तिथल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या खोदकामातल्या जुन्या वस्तू पोरीला जरूर दाखवून आणा.

आपल्याकडं लोकांचा असा हॉल नव्हता, राजाचा होता. चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन १८०१ मध्ये मिरजेतून वेगळे होऊन सांगलीत आले, गणेशदुर्ग बांधला, आत राजवाडा आणि त्यात दरबार हॉल. पुढं कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे, म्हणजे पौराणिक नाटकं करणाऱ्यांचे, खेळ सांगलीत झाले ते अप्पासाहेबांना आवडले, पण हे आपल्या मराठीत का नको असं त्यांच्या मनानं घेतलं आणि ते काम त्यांनी पदरच्या विष्णुदास भाव्यांच्या गळ्यात घातलं. ५ नोव्हेंबर १८४३ ला दरबार हॉलमध्ये 'सीता स्वयंवर' झालं, तेच आपलं पहिलं मराठी नाटक धरतात. आत्ताच्यासारखं पाठांतर नव्हतं बरं का, पदं सगळी सूत्रधार म्हणायचा, पात्रं आपापलं भाषण जागच्या जागी जुळवायची, आणि राक्षस आला की 'अललडुर्र' अशी आरोळी ठोकायचा!

आता गंमत बघा, प्रेक्षक सगळे दरबारचे, तिकीट-बिकीट काही नाही, खर्च सगळा अप्पासाहेबांचा. ते १८५१ ला वारले आणि भाव्यांचा आधारच गेला, मग मंडळी घेऊन ते गावोगाव फिरायला लागले आणि १८५३ ला मुंबईत ग्रँट रोडच्या थेटरात तिकीट लावून खेळ केले. माझं मत विचाराल तर नाटक खऱ्या अर्थानं लोकांचं झालं ते तिथं, दरबारात नाही. सांगलीकरांना हे आवडायचं नाही, पण काय करणार.

आणि लोकांचा हॉल म्हणाल तर तो नंतर झालाच की, भावे नाट्यमंदिर! दर ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिनाचं विष्णुदास भावे गौरवपदक सांगलीतच देतात, पोरीला घेऊन एकदा जाऊन या. आणि प्रोजेक्टमध्ये भाव्यांचं पूर्ण नाव विष्णू अमृत भावे असं लिहायला सांगा, बरीच पोरं नुसतं विष्णुदास लिहून मोकळी होतात.