वर्गात वादविवाद सुरू करताना

सातवीच्या वर्गात वादविवाद घेण्याचा तुमचा विचार योग्य आहे. मात्र ‘विज्ञान शाप की वरदान’ हा विषय घेऊ नका, कारण त्यावरची भाषणे मुले घरून पाठ करून येतात आणि विचार दुसऱ्याच कोणी केलेला असतो. त्याऐवजी ‘आपल्या शिवारात कपाशीपेक्षा सोयाबीन परवडते’ हा विषय द्या. यवतमाळ-वर्ध्याकडच्या मुलांना वेचणीची मजुरी, फवारणीचा खर्च आणि बाजार समितीतला भाव घरीच विचारून तपासता येतो. कपाशीची बोंडे पोखरणाऱ्या बोंडअळीला आळा घालण्यासाठी बीटी कपाशीला, म्हणजे जनुकीय बदल करून अळीला तोंड देणाऱ्या वाणांना, २००२ मध्ये भारतात परवानगी मिळाली, तरीही पुढे गुलाबी बोंडअळीने त्याच वाणांवर हल्ला का केला, हा प्रश्न निघाला तर वेळापत्रक बाजूला ठेवून तो पूर्ण चालू द्या.

बाजू चिठ्ठीने ठरवा आणि पुढच्या तासाला त्या उलटवा. कालपर्यंत कपाशीसाठी भांडणाऱ्या मुलाला सोयाबीनच्या बाजूने बोलावे लागले की तो प्रतिपक्षाचे म्हणणे खरोखर ऐकू लागतो. ‘हे तुला कशावरून कळले?’ असे विचारण्याचा हक्क प्रत्येकाला द्या. ‘बाबा म्हणतात’ हे उत्तर चालेल, पण बाबांनी ते कशावरून ठरवले, हे विचारून आणणे हा गृहपाठ समजावा.

वऱ्हाडीत बोलणाऱ्याला मध्येच अडवून प्रमाणभाषा शिकवू नका. त्याने मुद्दा हरवतो, आणि मूल पुन्हा उठत नाही. कोणाच्या घरचे कर्ज उदाहरण म्हणून येऊ देऊ नका. विजेता जाहीर करण्यापेक्षा समोरच्या गटाचा कोणता मुद्दा पटला, हे प्रत्येकाकडून वहीत लिहून घ्या.