पुन्हा कुठल्या तोंडानं मागू?

परभणी जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. पाच वर्षांपूर्वी स्तनाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन, केमो, शेक (रेडिएशन), सगळं पार पडलं. आता तो पाठीच्या मणक्यात निघालाय. ‘तेव्हा बचत गटातल्या बायकांनी पैसे जमवले, आमचा कापूस वेचून दिला. आता पुन्हा कुठल्या तोंडानं मागू? मालकांशिवाय कुणाला माहीत नाही. लेक संभाजीनगरला नर्सिंग शिकते, तिलाही नाही सांगितलं.’

ताई,

‘बरा होणार नाही, पण आटोक्यात ठेवू,’ असं डॉक्टर म्हणाले म्हणून तुम्ही खचलात. पण हाडात गेलेल्या स्तनाच्या कॅन्सरवर औषधं आहेत, आणि ती लागू पडली तर बायका वर्षानुवर्षं घर-शेत सांभाळतात. दुखणं मात्र अंगावर काढू नका. पायातली ताकद अचानक गेली, लघवी अडली किंवा नकळत व्हायला लागली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता दवाखाना गाठा. हाडं मजबूत ठेवायचं इंजेक्शन चालू असेल तर दात काढण्याआधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा.

आता मागण्याबद्दल. शेजारणीच्या सासूच्या दुखण्यात तुम्ही रात्री जागल्या, असं तुम्हीच लिहिलंय. तेव्हा तिनं कुठल्या तोंडानं हाक मारली होती? आपल्याकडं पेरणी-काढणी सावडीवर होत आलीय. यंदा माझ्या वावरात, पुढं तुझ्या. त्यात कुणी मिंधं होत नाही.

फरक एवढाच की हे दुखणं लांबणीचं आहे. सगळ्या बायका पहिल्याच महिन्यात धावून आल्या तर त्याही थकतील. म्हणून गटातल्या एकीलाच, जिच्यावर जीव आहे तिला, सगळं सांगा. बाकीच्यांना ती सांगेल. तपासणीच्या दिवशी सोबत एक जण, इंजेक्शननंतर दोन दिवस भाकरी दुसरीकडून, असं वाटून घ्या. काय नको तेही तिच्याकरवीच कळू द्या: घरी येऊन रडणं नको, कुणाच्या भावकीतल्या वैद्याचा काढा नको. हे सांगण्यात उद्धटपणा नाही, ताई. आजारी माणसाला तेवढा हक्क असतोच.

पैशासाठी गटावर भार टाकण्याआधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं बघा. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात, रेशन कार्ड आणि आधार घेऊन त्यांना भेटा. संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहेच. उपचाराला जाताना कॅन्सरच्या पेशंटला एसटीत आणि रेल्वेत सवलत मिळते. त्याचा दाखला दवाखान्यातून मागून घ्या.

आणि लेक. परीक्षा होऊ द्या मग सांगू, असं मनात असेल तर ते काढून टाका. ती नर्सिंग शिकते. तुमची फाइल एखाद्या दिवशी तिच्या हाती पडेल आणि आईनं आपल्याला परकं केलं हे तिला जास्त लागेल. फोनवर नको. या रविवारी तिला घरी बोलवा, मालकांना शेजारी बसवा आणि रिपोर्ट तिच्या हातात द्या.