वाचकांचे प्रश्न : पायथनमधून पर्लची स्क्रिप्ट कशी चालवावी?

प्रश्न : आमच्या कांदा व्यापाराच्या कार्यालयात वजनकाट्याच्या फाइली वाचून, हमाली-तोलाई वजा करून शेतकऱ्याची हिशेबपट्टी काढणारी पर्लमधील स्क्रिप्ट बऱ्याच वर्षांपासून चालू आहे. ती लिहिणारे गृहस्थ आता नोकरीत नाहीत. पट्टीची एक्सेल करणारी आणि शेतकऱ्याला मोबाइलवर संदेश पाठवणारी नवी स्क्रिप्ट मी पायथनमध्ये लिहिली असून, तिच्यातून प्रत्येक गाडीसाठी ओएस.सिस्टीमने (बाहेरची आज्ञा चालवणारे पायथनचे फंक्शन) पर्लची स्क्रिप्ट चालवतो. रक्कम पडद्यावर दिसते, पण माझ्या व्हेरिएबलमध्ये मात्र ० येतो. काही गाड्यांच्या बाबतीत ५१२ येतात आणि त्यांची पट्टीच निघत नाही. काट्याच्या फाइलीला गाडीच्या क्रमांकाचे नाव असते. संगणकावर उबुंटू आहे. पर्ल सोडून सगळे पायथनमध्येच लिहावे काय? (एक वाचक, लासलगाव)

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. एवढ्यात लिहू नये. रिकाम्या गाडीचे वजन उशिरा आले तर काय करायचे, पैसे कोणत्या टप्प्यावर पूर्ण रुपयात धरायचे, असे कितीतरी निर्णय त्या जुन्या स्क्रिप्टमध्ये मुरलेले असतात आणि ते दुसरीकडे कोठेही लिहून ठेवलेले नसतात. नव्याने लिहिताना त्यातला एखादा निसटला, तर तो पहिल्यांदा शेतकऱ्याच्या लक्षात येईल, तुमच्या नव्हे.

आता त्या आकड्यांकडे वळू. ओएस.सिस्टीम चालवलेल्या स्क्रिप्टने छापलेला मजकूर तुम्हाला देत नाही. ती स्क्रिप्ट संपताना जो अंक मागे ठेवते, तेवढाच परत देते. ० म्हणजे काम सुरळीत झाले. लिनक्सवर हा अंक २५६ ने गुणलेल्या रूपात हाती येतो, म्हणून ५१२ चा अर्थ स्क्रिप्ट २ हा अंक ठेवून बंद पडली. पर्लमध्ये डाय या आज्ञेने स्क्रिप्ट थांबली, की बहुधा कार्यप्रणालीच्या शेवटच्या त्रुटीचा क्रमांक मागे राहतो, आणि लिनक्समध्ये २ हा क्रमांक ‘अशी फाइल नाही’ या त्रुटीचा आहे. तेव्हा ज्या गाड्यांची पट्टी निघाली नाही, त्यांच्या फाइलींची नावे एकदा डोळ्यांखालून घाला. माझा अंदाज असा, की त्या नावांत काट्यावरच्या माणसाने ‘एमएच’ आणि ‘१५’ यांच्यामध्ये जागा सोडलेली असेल. ओएस.सिस्टीमला दिलेली ओळ आधी शेलकडे, म्हणजे टर्मिनलवरच्या आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमकडे जाते, आणि शेल मोकळी जागा दिसेल तेथे ओळीचे तुकडे करतो. त्यामुळे पर्लला एका नावाऐवजी दोन नावे मिळतात आणि त्यांपैकी एकाही नावाची फाइल नसते. नावात कंस, अवतरणचिन्ह किंवा अर्धविराम आला, तर याहून विचित्र गोष्टी घडतात.

यावर उपाय म्हणजे पायथनच्या सबप्रोसेस या मॉड्यूलमधील रन हे फंक्शन, जे २०१५ च्या ३.५ आवृत्तीपासून उपलब्ध आहे. त्याला एक सलग ओळ न देता यादी द्यावी : पहिला घटक पर्ल, दुसरा स्क्रिप्टचा पूर्ण मार्ग, तिसरा फाइलीचे नाव. यादी दिली की मध्ये शेल येत नाही, आणि नावात कितीही जागा असल्या तरी ते अखंडच पोहोचते. शेल=ट्रू हा पर्याय इंटरनेटवरील उदाहरणांत सर्रास दिसतो, पण तो दिल्यास मूळ दुखणे परत येते, म्हणून देऊ नये. कॅप्चर_आउटपुट=ट्रू दिल्यास छापलेला मजकूर हाती येतो, एन्कोडिंग म्हणून यूटीएफ-८ सांगितल्यास शेतकऱ्यांची नावे शाबूत राहतात, आणि चेक=ट्रू दिल्यास स्क्रिप्टने शून्याखेरीज काहीही मागे ठेवले की पायथन तेथेच अपवाद उठवतो. हा शेवटचा पर्याय हिशेबाच्या कामात मी सक्तीचा मानतो. पट्टी निघाली नाही हे कळणे, चुकीच्या रकमेचा संदेश शेतकऱ्याच्या मोबाइलवर जाण्यापेक्षा केव्हाही बरे.

मात्र चेक=ट्रू वर विसंबण्याआधी पर्लची स्क्रिप्ट उघडून पाहावी. ‘वजन चुकीचे आहे’ असे छापून पुढच्याच ओळीत नुसते एक्झिट लिहिण्याची सवय जुन्या लिखाणात फार आढळते, आणि नुसत्या एक्झिटचा अर्थ ० असा होतो. माणूस पडद्यावरचे वाचून सावध होत असे. पायथनला मात्र सर्व काही ठीक असल्याचेच कळते. अशा प्रत्येक ठिकाणी एक्झिटपुढे १ लिहावा आणि सूचनांचा मजकूर स्टँडर्ड एररकडे (त्रुटींसाठीचा वेगळा प्रवाह) वळवावा, म्हणजे स्टँडर्ड आउटपुटवर (नेहमीच्या छापील मजकुराचा प्रवाह) फक्त हिशेब उरेल. जुन्या स्क्रिप्टमध्ये एवढी ढवळाढवळ पुरेशी आहे.

प्रत्येक गाडीसाठी पर्ल नव्याने सुरू करण्याची पद्धतही बदलावी. दरवेळी नवी प्रक्रिया उभी राहते, पर्ल स्वतःची मॉड्यूले पुन्हा वाचते आणि कांद्याच्या हंगामात आवक वाढली की हा वेळ साचत जातो. त्याऐवजी दिवसभराच्या सगळ्या फाइलींची नावे एकाच वेळी द्यावीत आणि सगळ्या पट्ट्या एकत्र परत घ्याव्यात. देवाणघेवाणीसाठी जेसन हे रूप सोयीचे आहे, कारण पायथनमध्ये त्याचे मॉड्यूल आहेच, आणि पर्लमध्येही २०११ च्या ५.१४ आवृत्तीपासून जेसन::पीपी सोबतच येते, वेगळे बसवावे लागत नाही. त्यात पावतीचा क्रमांक मजकूर म्हणूनच पाठवावा, नाहीतर आरंभीची शून्ये गळून पडतात. आणि रकमा पैशांत, पूर्णांक म्हणून पाठवाव्यात, कारण दहा पैसे म्हणजे ०.१ रुपया ही रक्कम दोन्ही भाषांच्या दशांश संख्यांत तंतोतंत बसत नाही.

एक सूचना आणखी. रनऐवजी त्याच मॉड्यूलमधील पीओपेन वापरून, पाइप (एका प्रक्रियेचा मजकूर दुसरीकडे नेणारी वाट) लावून आणि नुसते वेट, म्हणजे स्क्रिप्ट संपण्याची वाट पाहत बसण्याचा मोह झाल्यास तो टाळावा. लिनक्सच्या पाइपमध्ये साधारणतः ६४ केबी मजकूर मावतो; तो भरला की पर्ल पुढे छापण्यासाठी जागेची वाट पाहते, पायथन पर्ल संपण्याची वाट पाहतो आणि दोघेही जागच्या जागी थांबतात. चाचणीच्या चार पावत्यांत हे कधीच दिसत नाही, मोठ्या आवकेच्या दिवशी मात्र हटकून दिसते. रनमध्ये याची काळजी घेतलेली आहे.

प्रश्न : आमच्या लहान कारखान्याच्या संकेतस्थळावरील पीएचपीच्या पानातून शेल_एक्झेकने पायथनची स्क्रिप्ट चालवतो. टर्मिनलवर ती उत्तम चालते, ब्राउझरमधून मात्र काहीच उमटत नाही, त्रुटीही दिसत नाही. ग्राहकाचे नाव मराठीत दिल्यास ते रिकामे पोहोचते, हे वेगळेच. (एक वाचक, सातपूर)

उत्तर : त्रुटी आहे, पण ती स्टँडर्ड एररवर जात असल्यामुळे शेल_एक्झेकच्या हाती लागत नाही. आज्ञेच्या शेवटी एररचा प्रवाह आउटपुटमध्ये मिसळणारे चिन्ह, म्हणजे ‘२>&१’ जोडावे (अंक अर्थातच इंग्रजी कळांनी), म्हणजे पायथनची तक्रार पानावर वाचता येईल. कारण सापडले की ते काढून टाकावे; ग्राहकाला तुमच्या फोल्डरांची नावे दिसण्याचे काही कारण नाही.

ती तक्रार बहुतेक ‘अमुक मॉड्यूल सापडत नाही’ अशी निघेल. टर्मिनलवर तुम्ही तुमच्या नावाने काम करता. ब्राउझरमधून आलेली विनंती वेब सर्व्हरच्या खात्याने चालते, जे उबुंटूवर सहसा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या नावाचे असते. त्या खात्याचा पाथ (प्रोग्रॅम जेथे शोधले जातात त्या फोल्डरांची यादी) वेगळा, चालू फोल्डर वेगळे आणि फाइलींवरचे अधिकारही वेगळे. म्हणून नुसते ‘पायथन३’ न लिहिता ज्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (पायथन व त्याची मॉड्यूले वेगळी ठेवणारे फोल्डर) मॉड्यूले बसवली आहेत, तिच्यातील पायथनचा पूर्ण मार्ग द्यावा, आणि स्क्रिप्टमधील प्रत्येक फाइलीचाही पूर्ण मार्ग लिहावा. सामायिक होस्टिंगवर शेल_एक्झेक मुळातच बंद ठेवलेले असू शकते. तसे असेल तर होस्टिंगवाल्याशी बोलण्यावाचून दुसरा मार्ग नाही.

मराठी नावाबाबत : तुम्ही ते एस्केपशेलआर्गमधून (मजकूर शेलसाठी निर्धोक करणारे पीएचपीचे फंक्शन) पाठवत असाल, असे दिसते, आणि ते योग्यच आहे, कारण ग्राहकाने भरलेला मजकूर तसाच शेलच्या हाती देणे म्हणजे सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवण्याची मोकळीक देणे होय. परंतु पीएचपीचे लोकेल (भाषा आणि अक्षरे कशी समजायची याची मांडणी) ‘सी’ असेल, तर हे फंक्शन देवनागरी अक्षरे अवैध समजून चक्क गाळून टाकते. आधी सेटलोकेलने एलसी_सीटाइपसाठी यूटीएफ-८ चे, सर्व्हरवर बसवलेले लोकेल निवडावे. याहून स्वच्छ मार्ग म्हणजे पीएचपीच्याच प्रॉक_ओपन या फंक्शनला आज्ञा यादीच्या रूपात देणे, जे पीएचपी ७.४ पासून शक्य आहे. तेथे शेल नसल्याने एस्केप करण्याचा प्रश्नच उरत नाही.

प्रश्न : वेगळी प्रक्रिया सुरू न करता एका भाषेच्या पोटात दुसरी भाषा चालवता येते काय? (एक विद्यार्थिनी, गंगापूर रोड)

उत्तर : येते, आणि काही भाषा तर याच हेतूने जन्मल्या. जॉन ऑस्टरहाउट यांनी १९८८ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात टीसीएल लिहिली, ती दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये बसवता यावी म्हणूनच. रिओ दि जानेरोमध्ये १९९३ साली तयार झालेली लुआही त्याच जातकुळीची. पर्लसाठी इनलाइन::पायथन आहे. संख्याशास्त्रात आर आणि पायथन यांना जोडणारी आरपीवाय२ आणि रेटिक्युलेट ही दोन पॅकेजे रोजच्या वापरात आहेत, एक पायथनकडून आरकडे जाणारे आणि दुसरे उलट दिशेचे. मोठी कोष्टके सारखी इकडून तिकडे न्यायची असतील, तेव्हा या मार्गाने वेळ वाचतो. त्याबदल्यात दोन्ही भाषांच्या आवृत्त्या एकमेकींशी जुळत्या ठेवाव्या लागतात, आणि आतली भाषा कोसळली तर बाहेरचीही तिच्याबरोबर बंद पडते. वर लासलगावच्या वाचकांना मी हा मार्ग सुचवला नाही, तो यामुळेच.

तुम्हाला हे आजच करून पाहता येईल. पायथनमधील टीकेइंटर हे खिडक्या आणि बटणे काढणारे मॉड्यूल पडद्याआड टीसीएलचाच इंटरप्रिटर (त्या भाषेच्या ओळी वाचून चालवणारा प्रोग्रॅम) चालवते. टीकेइंटरमधून टीसीएल या नावाचे फंक्शन बोलावून जो ऑब्जेक्ट मिळेल, त्याच्या इव्हॅलला ‘एक्सपीआर ६ * ७’ एवढी टीसीएलची ओळ इंग्रजी अक्षरांत द्या. पायथनला मिळणारे ४२ हे उत्तर टीसीएलने काढलेले असेल.