टेस्टिंगमधून रिपोर्टिंगकडे

प्रश्न: चार वर्षं सॉफ्टवेअरचं मॅन्युअल टेस्टिंग करतोय. आता पॉवर बीआयचं (डेटावरून रिपोर्ट आणि चार्ट बनवायचं सॉफ्टवेअर) काम हवंय. सुरुवात कुठून करू?

उत्तर: आधी एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) पक्कं करा, चार्ट नंतर. जॉइनमध्येच, म्हणजे दोन टेबलं जोडताना, नवख्यांचं गणित चुकतं. 1000 रुपयांच्या एका ऑर्डरला तीन वस्तूंच्या ओळी जोडल्या, की ऑर्डरची रक्कम तीनदा येते आणि बेरीज 3000 दाखवते. रिपोर्ट देखणा, आकडा खोटा! म्हणून जोडण्याआधी वस्तूंच्या ओळींची ऑर्डरनिहाय बेरीज करून घ्या. मूळ टेबलाशी ताळा जुळवायची तुमची सवय इथे फार मोलाची आहे. बायोडेटात ती ठळक लिहा. मग पॉवर बीआय डेस्कटॉप, विंडोजवर ते फुकट मिळतं. त्यात स्टार स्कीमा (मधे व्यवहारांचं टेबल, भोवती माहितीची टेबलं अशी मांडणी) आणि डॅक्स (पॉवर बीआयची सूत्रांची भाषा) शिका. सध्याच्याच कंपनीत ईटीएल टेस्टिंग (डेटा स्रोतातून काढून, बदलून वेअरहाऊसमध्ये, म्हणजे रिपोर्टसाठीच्या एकत्रित साठ्यात, नीट भरला का याची तपासणी) असेल तर ते काम मागून घ्या. स्रोत आणि वेअरहाऊस दोन्ही आतून बघायला मिळतात.